दहाव्या मिनिटाचा उजेड

१

वहीत सेहेचाळीसनंतर एकदम एकोणपन्नासावं पान होतं.

चष्मेवाल्या काकूंनी शिवणीवरून बोट फिरवलं. मधला कागद फाटलेला नव्हता, कापलेला होता. पट्टी लावून, ब्लेडने, काही घाई न करता. शिवणीत कागदाची एक बारीक कड तेवढी उरली होती.

"हे काय?"

टेबलापलीकडे रेल्वेच्या स्टोअरचे काका उभे होते. तीस वर्षं एकाच खोलीत काढली की माणूस त्या खोलीसारखा दिसायला लागतो. काका तसेच दिसत: नीटनेटके, जरा धुळकट आणि बंद.

"वही मागितलीत, दिली," ते म्हणाले. "आत काय आहे नि काय नाही, मी कशाला बघू?"

"वही तुमच्या कुलपात असते ना?"

"असते."

"मग तुम्हाला विचारू, की कुलपाला?"

काकूंच्या मागे दारात मुकादमाची बायको उभी होती. मुकादमाची विधवा म्हणायला हवं, पण सतरा दिवसांत कोणाच्या तोंडी तो शब्द आला नव्हता. सतरा दिवसांपूर्वी रेल्वेच्या लांब बोगद्यात छताचा एक दगड रुळावर पडला. पाच माणसांची ट्रॉली उतारावरून त्यावर आदळली. चौघांची हाडं मोडली. पुढे ब्रेकवर बसलेला मुकादम जागच्या जागी गेला. बोगदा मोकळा आहे अशी शिटी ज्या पहारेकऱ्याने दिली, तो त्याचा सख्खा मेहुणा. म्हणजे या बाईचा पाठचा भाऊ.

भावावर आरोपपत्र निघालं होतं. ते हातात घेऊन ती आदल्या दिवशी चष्म्याच्या दुकानात आली होती. रडत नव्हती. रडणं केव्हाच संपलं होतं, खाली राहिला होता तो नुसता निखारा.

"काकू, माझा भाऊ म्हणतो मी टॉर्च मारून बघितलं, दगड नव्हता. सुरक्षासाहेब म्हणतात याने बघितलंच नाही. दोघांतला एक खोटारडा आहे. भाऊ असेल तर सांगा मला. मीच त्याच्या बखोटीला धरून जेलच्या दारात सोडून येते. सोळा दिवस मी त्याचं तोंड बघितलेलं नाही."

"आणि तो नसेल तर?"

"तर मला दुसऱ्याचं बखोट दाखवा."

ती काकूंकडेच आली याला कारण होतं. पहाऱ्यासाठी कमी किमतीतल्या, लांब पल्ल्याच्या टॉर्च घ्यायच्या ठरल्या, तेव्हा बाजारातल्या सहा टॉर्च आणून त्यांच्या झोतांची तुलना केली गेली. झोत किती उजेड किती दूर टाकतो ते मोजायला लक्स मीटर लागतं. ते खात्याकडे नव्हतं, म्हणून काकूंच्या दुकानातलं नेलं होतं. आरोप असलेल्या माणसाला चौकशीत एक जाणकार बरोबर आणता येतो. काकूंनी कागद वाचला आणि चष्मा पुसायचं फडकं खाली ठेवलं.

कागदावर होतं: "सदर टॉर्च क्रमांक चार, चाचणीत दहाव्या मिनिटालाही ७.३ लक्स असा पूर्ण प्रकाश देत होती. सबब दगड न दिसणे अशक्य. पहारेकऱ्याने पाहिलेच नाही." खाली सुरक्षासाहेबांची सही.

आता स्टोअरमध्ये काकू त्या चाचणीच्या वहीचं एकोणपन्नासावं पान वाचत होत्या. सहा टॉर्च, सहा ओळी. प्रत्येकीपुढे फक्त सरासरी. चार नंबर: ७.१, पहिला. दोन नंबर: ४.५, तिसरा. तळाला एक ओळ: "प्रत्येक टॉर्च शंभर मीटरवरून, दहा मिनिटे अखंड पेटती ठेवून तपासली." पुन्हा तीच सही.

डोक्यावरची ट्यूबलाइट विझली.

"अहो, मी वाचतेय!"

"खिडकीतून येतो की उजेड," स्टोअरचे काका बटणावरचा हात काढत म्हणाले. "उगाच जाळायचं कशाला."

काकूंनी वही मिटली. "भाऊ, सरळ विचारते. पान तुम्ही कापलंत?"

काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "मला कापायचं असतं ना बाई, तर वहीच हरवली असती. स्टोअरमध्ये वस्तू ठेवणं अवघड असतं, हरवणं फार सोपं."

मग त्यांनी आवाज खाली आणला. "त्या पानावर अक्षर माझं होतं. ते कापणाऱ्याने माझं भलं केलं की वाटोळं, हे अजून मला कळलेलं नाही."

एवढं बोलून त्यांनी दोघींना बाहेर काढलं आणि कुलूप लावलं.

२

वायरमन दुरुस्तीच्या शेडमध्ये शिडीवर चढलेला होता. काकूंना पाहून वरूनच ओरडला, "मावशी, मीटर धड पोचलं ना? तान्ह्या बाळासारखं जपलं होतं मी!"

"पोचलं. खाली ये, बाळाबद्दलच बोलायचंय."

तो उतरला. मुकादमाच्या बायकोला पाहिल्यावर मात्र त्याची थट्टा विरली. "वहिनी," एवढंच म्हणून त्याने तिला बसायला लाकडी खोकं पुढे सरकवलं. ती बसली नाही.

"चाचणी कुठे झाली?" काकूंनी विचारलं.

"जुन्या बंद बोगद्यात. भरदिवसा, पण आत गेलं की दिवस बाहेर राहतो. मी एका टोकाला मीटर घेऊन. माझ्यापासून शंभर मीटरवर काका. त्यांच्याकडे शिकंजा, म्हणजे टॉर्च पकडून ठेवायची चिमटी."

"शिकंजे किती?"

"एकच. एक टॉर्च त्यात लावायची, मी आकडा वाचून ओरडायचो, काका वेळेसकट लिहायचे. सुरुवातीचा आकडा, पाचव्या मिनिटाचा, दहाव्या मिनिटाचा. सहा टॉर्चचे तीन-तीन, अठरा आकडे. घसा बसला माझा."

"आणि साहेब?"

"बोगद्याच्या तोंडाशी, उन्हात. आतली ओल त्यांना बाधते. तिथून हाक देत होते, आटपा रे, आटपा."

मुकादमाची बायको एकदम बोलली. "तू खोटे आकडे ओरडलास का रे?"

"वहिनी!" वायरमनचे कान लाल झाले. "तुमच्या नवऱ्याने मला पहिल्यांदा या शेडमध्ये आणलं. मी मीटर वाचलं ते तसंच ओरडलो. देवाच्यान."

"चिडू नको," काकू म्हणाल्या. "तिला चिडायचा हक्क आहे, तुला नाही. अजून काय आठवतं?"

"आठवायला काय, भीती आठवते. माझ्याजवळ दिवा लावायला बंदी होती, मीटरला चुकीचा उजेड लागतो म्हणे. छतातून पाणी टिपकतंय आणि दोन आकड्यांच्या मध्ये हा असा काळोख! स्वतःचा हात नाकासमोर धरला तर दिसत नव्हता. मी मोठ्याने गाणी म्हणत बसलो."

"कोणती?"

"देवाचीच. त्या वेळी दुसरी सुचतात कुठे?"

काकू हसणार होत्या. हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थिजलं.

"परत सांग. दोन आकड्यांच्या मध्ये हात दिसत नव्हता?"

"नव्हता."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. का हो?"

मुकादमाच्या बायकोचं मनगट धरून काकू शेडबाहेर पडल्या. त्यांची चाल एवढी वाढली होती की त्या तरण्या बाईला मागे धावावं लागलं.

"काकू, झालं काय? कुठे चाललोय?"

"जुन्या बोगद्याच्या फाटकावर. आत कोण कधी गेलं, बाहेर कधी आलं, याची तिथे एक वही असते. बंद बोगद्याची वही कापायची कोणाला आठवण राहत नाही."

३

फाटकावरच्या वहीत चाचणीच्या दिवशी एकच नोंद होती. आत: अकरा दहा. बाहेर: अकरा पंचावन्न.

काकूंनी ती दोनदा वाचली, चिठ्ठीवर उतरवून घेतली, आणि तडक सुरक्षासाहेबांची खोली गाठली. मुकादमाच्या बायकोला त्यांनी मुद्दाम बाहेर बाकावर बसवलं. दार मात्र उघडं ठेवलं.

साहेब उठून उभे राहिले. आवाज असा मऊ की त्यात बोट बुडावं. "या बाई. फार वाईट झालं. मुकादम म्हणजे आमचा उजवा हात. पण काय करणार? यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो. त्यात पहारेकरी घरातलाच. जास्त ताणू नये असं मला वाटतं. तिलाच त्रास."

"तिनेच ताणायला सांगितलंय."

"हे पहा." साहेबांनी खणातून हातभर लांबीची काळी टॉर्च काढली. "त्या दिवशी त्याच्या हातात होती ती हीच." बटण दाबलं. भिंतीवरच्या नकाशावर पांढराशुभ्र गोळा उमटला. कडेची अक्षरंही ठसठशीत. "डोळे दिपतात की नाही? तीस रुपयाच्या बल्बात हा उजेड नव्हता पूर्वी. आणि हा म्हणतो, दगड दिसला नाही!"

"राहू दे पेटती."

"आं?"

"पेटती राहू दे. आपण बोलू तोवर."

साहेबांनी बटण दाबून ती विझवली आणि खणात ठेवली. "कशाला? पाहिलंत ना तुम्ही."

"पाहिलं. चाचणीची वही तुमच्याकडे आली होती का?"

"अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मागवली. आरोपपत्र लिहायचं होतं. संध्याकाळी परत पाठवली."

"तेव्हा सत्तेचाळीसावं पान होतं?"

"नव्हतं." उत्तर फार पटकन आलं. "मीही चमकलो. पण म्हटलं, एकोणपन्नासाव्यावर निकाल आहेच, कशाला कोणाला अडचणीत आणा. वही काकांच्या ताब्यात असते. तुम्ही समजून घ्या."

देवाने माणसाला डोळे दिले आणि वर पापण्याही दिल्या. बघायचं की मिटायचं, ते त्याच्यावर सोपवलं. समोरच्या माणसाच्या पापण्या पूर्ण उघड्या होत्या. काकूंना त्याचाच राग आला.

"शेवटचं. या टॉर्च किती घेतल्या?"

"चाळीस."

"अजून वापरात आहेत?"

"का नसाव्यात?"

काकू खुर्ची सरकवून उठल्या. खुर्ची पडली. त्यांनी ती उचलली नाही.

बाहेर बाकावरून मुकादमाच्या बायकोने सगळं ऐकलं होतं. "सांगा काकू. तो खोटं बोलला का? माझा भाऊ?"

"उद्याची चौकशी जुन्या बोगद्यात घ्या, असा अर्ज मी आत्ता देतेय. तुझ्या भावाला बोलावून घे."

"मी नाही त्याच्याशी बोलणार."

"मग निरोप धाड. पण तू ये. जे कळेल ते तुझ्या डोळ्यांदेखत कळू दे. माझ्याकडून ऐकलंस तर उद्या तुला वाटेल, म्हातारीने माझ्या समाधानासाठी सांगितलं."

४

चौकशीचे अध्यक्ष बाहेरून आलेले निवृत्त इंजिनिअर होते. हातात काठी, बोलणं काटकसरीचं. "चौकशी म्हटलं की खुर्च्या लागतात," ते बोगद्याच्या तोंडाशी म्हणाले. "पण ठीक आहे. उभं राहून लवकर खरं सुचतं."

मोठा बोगदा नि हा जुना, दोन्ही एकाच काळात खोदलेले: आत सरळ लांब पट्टा, मग वळण, त्यामुळे पलीकडचं तोंड दिसत नाही. पहाऱ्याचा नियम असा, की पहारेकऱ्याने टॉर्च पेटवून तोंडापासून छत आणि भिंती बघत मधल्या कोनाड्यापर्यंत चालत जायचं, आणि तिथून पुढचे अडीचशे मीटर झोत टाकून बघायचे. मोकळं दिसलं की शिटी.

पहारेकरी भिंतीला टेकून उभा होता. दाढी वाढलेली. बहिणीकडे त्याने एकदाच पाहिलं. तिने पदर घट्ट ओढला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

"कोनाड्यापर्यंत चालायला तुला किती वेळ लागतो?" काकूंनी विचारलं.

"छत बघत बघत जायचं. बारा मिनिटं."

"त्या दिवशी?"

"तेवढीच. घाई केली नव्हती काकू. दाजींची गाडी यायची होती, मी घाई करेन?"

साहेबांनी खणातली ती टॉर्च आणली होती. काकूंनी ती पहारेकऱ्याच्या हातात दिली. "तसाच चाल. रोज चालतोस तसा. टॉर्च एकदाही विझवायची नाही."

सगळे मागून निघाले. झोत छतावरून सरकत होता. वायरमन काहीतरी पुटपुटत होता, गाणं असावं. बारा मिनिटांनी पहारेकरी कोनाड्याशी थांबला. त्याने टॉर्च समोर धरली. झोत पट्ट्यात शिरला, रुळांच्या दोन रेघा थोड्या अंतरापर्यंत चकाकल्या आणि पुढे धूसरात मिसळल्या.

"काय दिसतं?"

"मोकळं आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी दिसलं तसंच."

"साहेब, तुम्हाला?"

"मोकळंच आहे की," सुरक्षासाहेब म्हणाले. "तेच तर, इथे दगड नाहीच आहे."

अध्यक्षांनीही डोळे बारीक केले. वायरमनने केले. स्टोअरच्या काकांनी मात्र मान खाली घातली. मुकादमाची बायको सर्वांच्या पुढे जाऊन उभी राहिली होती. तीही म्हणाली, "काही नाही."

"आता विझव," काकू म्हणाल्या.

काळोख पडला. पाणी टिपकत होतं. कोणीतरी खोकलं.

"पेटव."

बटण वाजलं. पांढरा झोत सुसाट पुढे गेला, आणि दोनशे दहा मीटरवर, दोन रुळांच्या मधोमध, हांड्याएवढा काळा दगड उभा राहिला. कडा, खाच, सावली, सगळं स्वच्छ. सकाळी काकूंनी अध्यक्षांच्या समक्ष ठेवलेला.

मग पहारेकऱ्याच्या हातातून टॉर्च गळून पडली, आणि तो खाली बसला. "होता," तो म्हणाला. "म्हणजे तेव्हाही होता. माझ्यासमोर होता. मी नुसतं बटण दाबलं असतं तर..."

५

"ऐका आता," काकू म्हणाल्या. टॉर्च वायरमनने उचलून धरली होती, तिचा उजेड भिंतीवरून सगळ्यांच्या चेहऱ्यांवर सांडत होता. "यात चमत्कार नाही. स्वस्तात लांब पल्ला हवा म्हणून छोट्या डोक्यात मोठा उजेड कोंबलेला असतो. डोकं तापतं. जळून जाऊ नये म्हणून आतली यंत्रणा तीन-चार मिनिटांनी उजेड गुपचूप कमी करते, पावपट करून टाकते. डब्यावर लिहिलेला पल्ला असतो तो पहिल्या मिनिटाचा. विझवून परत पेटवली की पुन्हा थोडा वेळ पूर्ण."

"मग याला कळलं कसं नाही?" अध्यक्षांनी विचारलं. "हातातला उजेड पाव झाला, आणि कळू नये?"

"तुम्हाला कळलं का? आपण सगळे बारा मिनिटं मागून चालत होतो." अध्यक्षांनी टॉर्चकडे पुन्हा पाहिलं. "डोळा फार प्रेमळ असतो साहेब. उजेड हळू कमी झाला की तो बाहुली मोठी करून घेतो, सांभाळून घेतो, तक्रार करत नाही. या पोराचे डोळे दरवर्षी मीच तपासते. तक्त्यावरची शेवटची ओळ तो न अडखळता वाचतो. दोष डोळ्यांचा नव्हता आणि त्याचाही नव्हता."

"पण चाचणीत ही टॉर्च दहाव्या मिनिटालाही पूर्ण उजेड देत होती," अध्यक्ष म्हणाले. "तसे आकडे आहेत."

"आकडे खरे आहेत. माझं मीटर खोटं बोललं नाही आणि हा वायरमनही नाही. हिशेब तेवढा लावा. सहा टॉर्च, शिकंजा एक. प्रत्येक टॉर्च शिकंज्यात दहा मिनिटं अखंड ठेवायची तर एक तास हवा. फाटकाची वही म्हणते, मंडळी पंचेचाळीस मिनिटांत आत जाऊन बाहेरही आली. म्हणजे टॉर्च आळीपाळीने लावल्या: एकीचा आकडा घ्यायचा, काढायची, दुसरी लावायची, परत पहिलीकडे यायचं."

"त्यात काय बिघडलं?" सुरक्षासाहेब म्हणाले. "शिकंज्याबाहेरच्या टॉर्चही पेटत्याच होत्या."

"होत्या?" काकू वळल्या. "मग पाच-सहा टॉर्च एकदम जळत असताना शंभर मीटरवर बसलेल्या या माणसाला स्वतःचा हात का दिसत नव्हता?"

वायरमनचं तोंड उघडंच राहिलं. "अरे देवा. मी गाणी म्हणत बसलो..."

"तू गाणी म्हणत बसलास, कारण दोन आकड्यांच्या मध्ये बोगद्यात एकही टॉर्च पेटत नव्हती. प्रत्येक टॉर्च आकड्यापुरती पेटायची. दहाव्या मिनिटाचा उजेड कोणी मोजलाच नाही. अठरा वेळा पहिलं मिनिटच मोजलं. ही चार नंबर पहिल्या मिनिटात सगळ्यांत झगझगीत, म्हणून पहिली आली. ती दोन नंबरची उजेड कमी देते, पण मी काल रात्री तसलीच एक बाजारातून आणून, दुकानाचं शटर ओढून अर्धा तास पेटवून पाहिली. होती तशी राहते. तिने बाराव्या मिनिटालाही हा दगड दाखवला असता."

"विझवल्या कोणी?" मुकादमाच्या बायकोने विचारलं. इतक्या हळू, की सगळ्यांना ऐकू गेलं.

स्टोअरचे काका पुढे आले.

"मी. कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेला. सेल जळतात उगाच, म्हणून." त्यांनी घसा खाकरला. "मी आयुष्यभर दिवे विझवत आलोय गं."

"तुम्हाला माहीत नव्हतं. ते समजलं मला," मुकादमाची बायको म्हणाली. "पण कळलं कधी?"

काकांनी खिशातली किल्ली चाचपली.

"काका, मी विचारतेय, कळलं कधी?"

"तिसऱ्या दिवशी. स्टोअरमध्ये एक पेटवून ठेवली. भिंतीवर हात धरून सावली बघत बसलो. पाचव्या मिनिटाला सावली पुसट झाली."

"तिसऱ्या दिवशी!" तिचा आवाज बोगद्यात आपटत गेला. "तिसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन बसला होतात तुम्ही. पाणी प्यायलात माझ्या हातचं. पंधरा दिवस मी माझ्या भावाला शिव्याशाप देतेय, आणि तुम्ही कुलूप लावून बसलात?"

काकांनी तोंडावर हात घेतले. कोणी त्यांना सावरायला गेलं नाही.

"पान यांनीच कापलं हे आता उघड आहे," सुरक्षासाहेब म्हणाले. "वेळा लिहिलेल्या होत्या त्यावर. पकडले गेले असते."

"नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून आरोपपत्र काढलं आणि अध्यक्षांच्या हाती दिलं. "वाचा. 'दहाव्या मिनिटालाही ७.३ लक्स.' आणि ही वही. एकोणपन्नासाव्या पानावर काय आहे? फक्त सरासरी, ७.१. दहाव्या मिनिटाचा वेगळा आकडा एकाच ठिकाणी होता: कापलेल्या पानावर. साहेब मला काल म्हणाले, वही माझ्याकडे आली तेव्हा ते पान नव्हतंच. मग हा सात पूर्णांक तीन त्यांना स्वप्नात दिसला?"

सुरक्षासाहेबांच्या मऊ आवाजाला पहिल्यांदा खरखर आली. "तोंडी सांगितला असेल कोणीतरी."

"मी नाही," वायरमन म्हणाला.

"मी नाही," हातांआडून काका म्हणाले.

"पान समोर ठेवून तुम्ही आकडा उतरवलात," काकू म्हणाल्या. "आकड्याशेजारीच वेळ होती. सहा टॉर्च पंचेचाळीस मिनिटांत कशा उरकल्या ते तुम्हाला तिथेच कळलं. 'दहा मिनिटे अखंड' या ओळीखाली सही तुमची, आणि तुम्ही होता बाहेर उन्हात. काका निदान अजाणता चुकले. तुम्ही पट्टी लावून चुकलात. पान कापलंत, आणि उरलेल्या आकड्याने या पोराचा गळा कापायला निघालात."

साहेबांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष वहीच्या शिवणीवर बोट ठेवून उभे होते.

"आणि त्यापुढचं ऐका!" आता काकूंचा आवाज चढला होता, त्यांनी तो आवरला नाही. "सत्य समजून सतरा दिवस झाले यांना. सतरा दिवस चाळीस माणसं हीच टॉर्च घेऊन बोगद्यात जाताहेत. परत बोलावल्या असत्या तर चूक कबूल झाली असती ना! सहीची शाई वाचवायला चाळीस माणसं पणाला लावली या माणसाने. देव सगळं माफ करत असेल, तो मोठा आहे. मी चष्मे विकते. मला जमणार नाही."

अध्यक्षांनी वही काखेत मारली. "पहारे आत्ता या क्षणी थांबवा," ते वायरमनला म्हणाले. "धावत जा. प्रत्येक फाटकावर. सगळ्या बोगद्यांतून माणसं बाहेर आली की मगच मला भेट." मग सुरक्षासाहेबांकडे न बघता, "तुम्ही माझ्याबरोबर चला. आरोपपत्र नव्याने लिहायचं आहे. या वेळी नाव बदलेल."

वायरमनची पावलं दूर गेली. साहेबांची, अध्यक्षांच्या काठीची, आणि सर्वांत शेवटी काकांची, फरफटत.

पहारेकरी अजून खाली बसलेला होता. बहीण त्याच्याजवळ आली आणि उभी राहिली. काकू थोड्या मागे सरकल्या.

"ताई," तो मान वर न करता म्हणाला, "सुटलो असं वाटत नाही गं. मी बघत होतो आणि दाजी गेले. मी नसतं बघितलं तर निदान शिक्षा तरी..."

"गप्प बस," ती म्हणाली. "एक शब्द बोलू नकोस. मी अजून कोणावर चिडायचं आहे त्याची यादी संपलेली नाही, त्यात परत शिरू नकोस."

तिने वाकून त्याची बाही धरली आणि त्याला उठवायला जोर लावला. तो उठेना, तेव्हा ती खालीच बसली, रुळाच्या खडीत, त्याच्या खांद्याला खांदा लावून.

"पोरी विचारताहेत, मामा का येत नाही," ती म्हणाली. "अठरा दिवस मी त्यांना खोटं सांगतेय. आता तू येऊन सांग त्यांना, बाबा कसे गेले ते. खरं तेच सांग. मला ते एकटीने सांगवत नाही."